शिंपलं टोपलीत टाकायचं

त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि आमच्या बेटावर गुसोला पांढरी लागली. गुसो म्हणजे आमचं पीक. उथळ समुद्रात खुंट ठोकून दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना शेवाळाच्या काड्या बांधायच्या आणि त्या फुगून हातभर झाल्या की कापून वाळवायच्या. पाणी फार तापलं की काड्यांचे सांधे पांढरे पडतात, मग नुसता हात लावला तरी तुकडे गळून पडतात. अशा वेळी रोगट काड्या खुडायच्या, चांगल्या सोडवून खोल पाण्यात नव्या दोरीवर बांधायच्या, एवढंच माणसाच्या हाती असतं. आणि ते काम झपाट्यानं झालं पाहिजे.

क्रिसांतोच्या घरी कामाला चौघं होती. तो, त्याची बायको मेलिता, त्याची म्हातारी आई बासिंग, जिला सगळं बेट लोला म्हणजे आजी म्हणतं, आणि सात वर्षांची जोवेलिन. पोरगी एक शब्द बोलत नसे, पण गाठी मारण्यात मोठ्यांना मागे टाकायची. घर पाण्यावर खांब रोवून उभारलेलं, जमीन चिरलेल्या बांबूंची. तिथं पाय पसरून ती सकाळपासून काड्या बांधत बसायची. तिची गाठ कधी सुटली नाही.

त्या दिवशी क्रिसांतो छातीभर पाण्यात उभा होता. एका हातात होडी, दुसऱ्या हातात नव्या काड्यांची भरलेली दोरी, आणि दोरीचं टोक खुंटाला गुंतलेलं.

"जोवेलिन! सुरी टाक! अगं सुरी!"

पोरीची पाठ त्याच्याकडं. सुरी तिच्या गुडघ्याशीच पडलेली. त्यानं पुन्हा हाक मारली, शिवी घातली, पुन्हा हाक मारली. मेलिता वाळवणाच्या माचावरून धावत निघाली, पण तोवर लाट आली, होडी फिरली आणि दोरी हातातून निसटली. सगळ्या घरानं दोन दिवस बसून बांधलेलं बियाणं ओढीबरोबर खडकाकडं गेलं.

क्रिसांतो शिडी चढून वर आला. अंगातून पाणी निथळत होतं. त्यानं बांबूवर पाय आपटला. जोवेलिननं लगेच वळून पाहिलं आणि बाप दिसताच तोंडभर हसली.

"बघा! पाय आपटला की बरोबर कळतं. हाक मारली की बहिरी!"

"सोंग आहे रे सगळं," आत उखळाशी बसलेली लोला बासिंग म्हणाली. "मी मुसळ हातात घेतलं की ही चुलीपाशी हजर. खायचं असलं की कान असतात हिला."

दारामागच्या खुंटीवर गुसोच्या जुन्या दोरीचा एक तुकडा टांगलेला असे. त्या घरची रीत अशी की बापानं बाकावर बसायचं, ज्याला मार खायचाय त्याच्याकडं बघून बोलायचं, आणि त्यानं स्वतः जाऊन दोरी आणून बापाच्या हातात द्यायची. क्रिसांतोनंही आपल्या बापाला अशीच आणून दिली होती. तो बाकावर बसला आणि बोलायला लागला. जोवेलिनचं हसू विरलं. ती गेली, टाचा उंचावून दोरी काढली, त्याच्या हातात दिली आणि पाठ करून उभी राहिली. हात डोक्यावर घ्यायचे हेही तिला ठाऊक होतं.

मार झाल्यावर त्यानं तिला खांद्याला धरून फिरवलं. "आता लक्ष देशील? देशील का?"

पोरीनं बापाच्या खांद्यावरून आईकडं पाहिलं. मेलितानं भुवया वर उचलल्या. जोवेलिननंही उचलल्या. आमच्याकडं हो म्हणायला तोंड लागत नाही. दुकानात मीठ आहे का विचारा, दुकानदार भुवया उचलेल. जेवलास का विचारा, भुवया उचलेल. हो मिळालं म्हणून क्रिसांतोनं दोरी खाली टाकली.

क्रिसांतो काही राक्षस नव्हता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हीच पोर, त्याची इंदाय म्हणजे लाडकी लेक, त्याच्या खांद्यावर बसून धक्क्यावर हिंडायची. बोलत नाही म्हणून मेलितानं तिला एकटीनं शहरात नेलं, कानांची परीक्षा करून आणली. परीक्षा म्हणून तिनं पोरीला चर्चचा फ्रॉक घातला, वेणीला रिबीन बांधली, संताच्या पुतळ्यापुढं मेणबत्ती लावली आणि पोरीला पास कर म्हणून विनवलं. पोरगी पास झाली. कान उत्तम आहेत, काळजी नको, बोलेल हळूहळू, असं तिथल्या माणसानं सांगितलं. क्रिसांतोनं धक्क्यावर भेटेल त्याला ताडी पाजली. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, पोरगी काही बोलेना आणि हाकेला वळेना. मग तो म्हणायला लागला, कान चांगले आहेत म्हणजे डोकंच वाकडं आहे. दोरी खुंटीवर आली ती तेव्हा. शाळेतल्या बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवून बसवून शेवटी घरी पाठवलं, तेव्हाही त्यानं बाईंची बाजू घेतली.

आमच्या बेटावर पोरांची वजनं करायला, जंताच्या गोळ्या द्यायला नांग पेर्ला फिरते. नांग म्हणजे थोरली बहीण; तिला सगळेच तसं म्हणतात. त्या आठवड्यात तिनं जोवेलिनला काट्यावर उभं केलं आणि पोटऱ्यांवरचे वळ पाहिले.  चार दिवसांनी ती घरी येऊन बाकावर ठिय्या देऊन बसली.

"शहरातल्या इस्पितळात कान तपासणाऱ्या नव्या बाई आल्यात. पुढच्या गुरुवारी जोवेलिनला बोलावलंय."

"झालीय तिची परीक्षा," क्रिसांतो म्हणाला. "पास झालीय. आणि दिसत नाही का तुला, पीक पांढरं पडतंय? मेलिता दोन दिवस गेली तर काड्या कोण बांधणार, तू?"

"बांधीन. गाठ शिकव मला."

"तुझ्या गाठी मासेच सोडवतील."

"मग मासे धर आणि खा," पेर्ला म्हणाली. "क्रिसांतो, ही पास-नापासची परीक्षा नाही रे. किती ऐकू येतं, कुठला आवाज येतो, कुठला येत नाही, एवढंच बघतात. येत नसलं तर तो पोरीचा दोष नाही, आणि येत असलं तर बक्षीस नाही."

मग तिनं मेलिताला समजावलं. तिथं जाड दाराची खोली असेल, घाबरायचं नाही. आवाज येईल, पोरीनं हातातलं खेळणं गालाशी धरून थांबायचं आणि आवाज आला की टोपलीत टाकायचं. नंतर डोक्याला तारा चिकटवून, पोरगी झोपलेली असताना, आणखी एक तपासणी. तारा टोचत नाहीत, चटका देत नाहीत. फक्त तिला झोप लागली पाहिजे, म्हणून होडीत झोपू द्यायचं नाही.

पेर्लानं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा बांबूच्या जमिनीवर ठेवला, ओंजळभर शिंपले जोवेलिनपुढं ओतले आणि एक गालाशी धरून दाखवला. डब्यावर थाप, शिंपलं टोपलीत. पोरीला खेळ क्षणात कळला. पेर्ला तिच्या पाठीमागं गेली, थाप मारली. शिंपलं टोपलीत. पुन्हा थाप, पुन्हा शिंपलं. जोवेलिन खुशीत येऊन हसायला लागली.

"घ्या!" लोला बासिंग टाळी वाजवून म्हणाली. "पाठीमागून ऐकतेय की गं! उगाच होडीचं तेल जाळायचं."

पेर्ला डोकं खाजवत राहिली. तिलाही काही उमगेना.

क्रिसांतो उठला. "जा. पण हे शेवटचं. पुन्हा ऐकू येतं म्हणाले तर माझ्या नि पोरीच्या मधे कुणी पडायचं नाही. ना तू, ना मेलिता. सांगून ठेवतो."

गुरुवारी अंधारातच होडी निघाली. मेलितानं पोरीला मांडीत घेतलं आणि डोळे मिटायला लागली की समुद्राचं पाणी तोंडावर लावलं. जोवेलिन कुरकुरली, मग होडीच्या फळीवर तळवा टेकून इंजिनाच्या थरथरण्याबरोबर मान हलवत बसली. हा तिचा जुना खेळ. निघताना मेलिता संताच्या पुतळ्यापुढं उभी राहिली होती, मेणबत्तीही लावली होती, पण काय मागावं तेच तिला कळलं नाही. ऐकू यावं म्हणावं तर दोरी. येऊ नये म्हणावं तर असं कुठली आई मागते? ती नुसतीच हात जोडून परतली.

इस्पितळात बाकावर बसून त्यांनी नारळाच्या पानात शिजवलेला भात आणि सुकट खाल्ली. फ्रॉक या खेपेलाही चर्चचाच होता, फक्त आता आखूड झाला होता, आणि पोटऱ्या झाकायला मेलितानं तिला लांब मोजे घातले होते. उकाड्यात मोजे बघून शेजारची बाई हसली.

कान तपासणाऱ्या बाईंचं नाव मिस ओपोर्तो. वयानं लहानशा, आवाज मऊ. त्यांनी आधी कानात दिवा घालून पाहिलं, मग कानांवर लावायचं यंत्र आणलं. ते जोवेलिननं ओढून काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"मागच्या वेळीही असंच केलं होतं हिनं," मेलिता ओशाळून म्हणाली. "हट्टी आहे."

"असू दे. त्या पेट्यांतून आवाज सोडते."

खोली पेर्लानं सांगितली तशीच होती. जाड दार, खाली सिमेंटवर जाड सतरंजी, दोन कोपऱ्यांत दोन पेट्या, आणि काचेपलीकडं यंत्राशी मिस ओपोर्तो. मेलिता पोरीसमोर टोपली धरून बसली. जोवेलिननं लाकडी ठोकळा गालाशी धरला. शिंपल्याचा खेळ तिच्या ओळखीचा होता.

पेटीतून बारीकसा आवाज आला. ठोकळा टोपलीत. आणखी बारीक आला. ठोकळा टोपलीत.  पोरगी ऐकतेय. एकही चुकत नाही. मेलिताला वाटायला हवा होता आनंद, पण डोळ्यांपुढं दारामागची खुंटी आली.

मिस ओपोर्तो काचेआडून बराच वेळ दोघींकडं बघत होत्या. मग उठून आत आल्या.

"मेलिता, एक करा. टोपली तिच्यापुढं खाली ठेवा. तुमची खुर्ची भिंतीकडं फिरवा. काही झालं तरी मागं वळायचं नाही."

"माझं काही चुकलं का, मिस?"

"काही नाही चुकलं. फक्त भिंतीकडं बघा."

मेलितानं खुर्ची फिरवली. समोर पांढरी भिंत. आवाज आला, मघाचाच. ती ठोकळा पडल्याच्या टक्‌ची वाट बघत राहिली. टक्‌ झालं नाही. पुन्हा आवाज, जरा मोठा. टक्‌ नाही. टाक गं, ती मनात म्हणाली. आणखी मोठा आला, हाक मारावी एवढा. मग क्रिसांतो चिडल्यावर ओरडतो एवढा. मेलितानं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. टाक, इंदाय, टाक बाळा. आवाज इतका वाढला की तिचेच कान दुखायला लागले. पाठीमागं काहीच हललं नाही. शेवटी ढोलासारखा जाड, जमीन हादरवणारा आवाज आला आणि टक्‌ झालं.

"ऐकलं!" मेलिता भिंतीला म्हणाली. "ऐकलं की तिनं!"

"तो अंगाला जाणवला असेल," मिस ओपोर्तो आत येत हळूच म्हणाल्या. "आता वळा."

मेलिता वळली. जोवेलिन दुसरा ठोकळा गालाशी धरून तशीच बसली होती. एवढा वेळ ती आईच्या पाठीकडं, आईच्या केसांकडं बघत शहाण्यासारखी थांबली होती. आईचा चेहरा दिसताच तिचा जीव भांड्यात पडला. मेलिताला रडू फुटलं, आणि रडताना माणसाचं कपाळ आक्रसतं, भुवया वर जातात. त्या वर गेलेल्या पाहून जोवेलिननं पटकन ठोकळा टोपलीत टाकला आणि हसली.

"मी तिला काही सांगितलं नाही," मेलिता म्हणाली. "देवाशपथ, मिस. मी काही शिकवलं नाही."

"मला माहीत आहे. आवाज आला की तुमच्या भुवया हो म्हणतात. आपल्या सगळ्यांच्याच म्हणतात, माझ्यासुद्धा. मागच्या वेळी कुठं बसला होतात?"

"समोर. टोपली धरायला सांगितली होती."

मिस ओपोर्तोंनी टोपलीतला ठोकळा उचलून बाजूला ठेवला.

"पण पाय आपटला की ती वळते. मुसळ ऐकते. डबा वाजवला पाठीमागून तर..."

"घराची जमीन कशाची आहे?"

"बांबूची."

एवढं म्हणाल्यावर मेलिताला पुढं विचारायची गरज उरली नाही. ती सतरंजीकडं बघत राहिली.

दुपारी जोवेलिन आईच्या मांडीवर गाढ झोपली. तिच्या कपाळावर आणि कानांमागं तारा चिकटवल्या. या तपासणीत कुणी काही टाकायचं नव्हतं, कुणाच्या चेहऱ्याकडं बघायचं नव्हतं. यंत्र थेट तिच्या डोक्याला विचारत होतं. झोपेत फ्रॉक वर सरकला, एक मोजा घसरला आणि पोटरी उघडी पडली. मिस ओपोर्तोंनी वळ पाहिले. मेलितानं घाईनं मोजा ओढला.

"तिचा बाप वाईट नाही," ती म्हणाली. "त्याला वाटलं, ऐकू येतं."

मिस ओपोर्तोंनी तारा काढल्या, चिकट जागा ओल्या कापडानं पुसल्या आणि सगळं नीट सांगितलं. दोन्ही कानांना जवळजवळ काही येत नाही. बहुतेक जन्मापासून. कानामागं लावायचं यंत्र देऊ. इंजिन, ढोल, मोठा गडगडाट तिला कळेल, पण माणसाचं बोलणं त्यातून उलगडणं आता कठीण. मात्र हातांची भाषा आहे. इथल्या शाळेजवळ तशा मुलांचा वर्ग आहे, तिथं ती झरझर शिकेल. पोरगी हुशार आहे.

"तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर?"

मिस ओपोर्तोंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तर आज तिला बरंच काही सांगता आलं असतं. तुम्हालाही तिला सांगता आलं असतं."

"मी दाखवलं तिला 'हो' म्हणून," मेलिता म्हणाली. "माझ्याच तोंडानं मी तिला पास केली."

रात्री पेर्लाच्या बहिणीकडं राहून दुसऱ्या दिवशी त्या परतल्या तेव्हा ओहोटी होती. घराखालचं पाणी आटून वाळू उघडी पडली होती. पेर्ला क्रिसांतोबरोबर काड्या बांधत होती आणि तिच्या गाठी खरंच सुटत होत्या. मेलितानं शिडीशी उभं राहून सगळं सांगितलं. मधे थांबली नाही, रडली नाही.

"पण मुसळ..." लोला बासिंग म्हणाली.

"जमिनीतून, आई. तळव्यांतून कळत होतं तिला."

म्हातारीनं खाली बांबूकडं पाहिलं आणि हातातलं मुसळ हळूच, आवाज न करता, भिंतीला टेकवून ठेवलं.

क्रिसांतोनं हातातली काडी खाली ठेवली. जोवेलिन मोजे फेकून वाळूत उतरली होती, शिंपले उकरत होती. तो तिच्या मागं गेला, जरा अंतरावर उभा राहिला आणि त्यानं हाक मारली.

"जोवेलिन!"

वाळूवर काम करणारी सगळी माणसं वळली. शेजारच्या घरातलं कुत्रं उठून उभं राहिलं. पोरीनं एक शिंपलं धुतलं, उन्हात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. त्यानं पुन्हा हाक मारली, घसा फाटेस्तोवर. मग तिसऱ्यांदा मारली ती इतकी हळू की मेलितालासुद्धा नीट ऐकू आली नाही. माणसं एकेक करून तोंड फिरवून आपापल्या कामाला लागली. त्याच्याकडं बघणं कुणालाच जमेना.

त्यानं तिला उचलून घरात आणलं. मग तो बाकावर बसला. पोरगी समोर उभी होती, गुडघ्यांना वाळू लागलेली. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागला. मला कळलं नाही, म्हणाला. मला कुणी सांगितलं नाही. इंदाय, माफ करशील का मला? करशील?

जोवेलिननं त्याचं तोंड हलताना पाहिलं. मग नेहमीसारखं त्याच्या खांद्यावरून आईकडं पाहिलं.

मेलिता दारात होती. तिच्या भुवया वर जायला निघाल्या. हो म्हटलं की मार थांबतो, हो म्हटलं की सगळं मिटतं. इतकी वर्षं तेच चाललं होतं. पण तिनं दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं आणि तोंड समुद्राकडं फिरवलं. हे एक तरी उत्तर पोरीच्या तोंडी आपण घालायचं नाही, असं तिनं ठरवलं.

आईच्या चेहऱ्यात काही मिळेना. जोवेलिन पुन्हा बापाकडं वळली. तो बाकावर होता, तिच्याकडं बघत होता, तोंड हलत होतं. एवढं मात्र तिला नीट समजत होतं.

तिनं आपले हात सोडवून घेतले, दारामागं गेली, टाचा उंचावून दोरी काढली आणि आणून त्याच्या हातात दिली. मग त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली आणि हात डोक्यावर घेतले.